उन्हाळी वेळ लागू झाल्यावर मायएसक्यूएलशी कनेक्शन होत नाही: ‘सीईएसटी’ हा टाइमझोन ओळखता येत नसल्याचा दोष

प्रश्न: दुपारपाळी_हिंजवडी

नमस्कार. जर्मनीतील एका ग्राहकाची गोदामाची प्रणाली पुण्यातून सांभाळणाऱ्या चौघांच्या गटात मी काम करतो. ॲप्लिकेशन जावा ८ वर, टॉमकॅट या वेब सर्व्हरमध्ये चालते. डेटाबेस मायएसक्यूएल ५.७ असून तो लिनक्सच्या वेगळ्या सर्व्हरवर आहे, आणि दोन्ही सर्व्हर जर्मनीतच, तिथल्या स्थानिक वेळेवर लावलेले आहेत. जावाला मायएसक्यूएलशी जोडणारा ड्रायव्हर कनेक्टर/जे ८.०.१६ आहे आणि उघडलेली कनेक्शने राखून ठेवणारा कनेक्शन पूल हिकारीचा आहे. (आज्ञा आणि सेटिंगची नावे मी इथे देवनागरीत लिहीत आहे, टाइप करताना ती अर्थातच रोमनमध्ये असतात.)

रविवारी, ३० मार्च २०२५ रोजी, तिकडे घड्याळे एक तास पुढे गेली. आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते. काहीतरी बिघडेल या धास्तीने मी आणि एक सहकारी लॅपटॉप उघडून बसलो होतो, पण काहीही झाले नाही. सोमवार आणि मंगळवारही सुरळीत गेले. मंगळवारी रात्री ग्राहकाच्या यंत्रणा विभागाने डेटाबेस सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टिमचे पॅच बसवून तो रीस्टार्ट केला, आणि बुधवारी पहाटेपासून ॲप्लिकेशनला एकही कनेक्शन मिळेनासे झाले. लॉगमध्ये वरच्या ओळीत ‘कनेक्शन उपलब्ध नाही, ३०००० मिलिसेकंदांनंतर विनंतीची मुदत संपली’ एवढेच दिसत असल्यामुळे आम्ही दोन तास फायरवॉल, पोर्ट आणि कमाल कनेक्शनांची मर्यादा तपासण्यात घालवले. त्याच नोंदीच्या अगदी तळाशी गेल्यावर मूळ दोष दिसला. त्याचा आशय असा: सर्व्हरने कळवलेले ‘सीईएसटी’ (मध्य युरोपची उन्हाळी वेळ) हे टाइमझोनचे नाव ओळखता येत नाही किंवा ते एकापेक्षा अधिक टाइमझोनना लागू पडते, सर्व्हरवर किंवा ड्रायव्हरच्या ‘सर्व्हरटाइमझोन’ या सेटिंगमध्ये अधिक नेमके नाव द्या.

कोडे असे की त्याच वापरकर्त्याने, त्याच पासवर्डने, कमांड लाइनवरून मायएसक्यूएलमध्ये विनातक्रार शिरता येते, पण माझ्या लॅपटॉपवरील डीबीव्हर हे डेटाबेस पाहण्याचे साधन मात्र हाच दोष दाखवते. पुण्यात डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवण्याच्या साधनात) मायएसक्यूएल चालवून पाहिले तर तिथे दोष येतच नाही. गेल्या नोव्हेंबरात हा डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवला. जुना सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) होता आणि त्यावर असा प्रसंग कधी आला नव्हता. यंत्रणा विभागाचे म्हणणे असे की डेटाबेस चालू आहे, तेव्हा दोष तुमच्याकडे शोधा.

माझे प्रश्न दोन आहेत. दोष पॅचमुळे आला की उन्हाळी वेळेमुळे, आणि उन्हाळी वेळेमुळे असेल तर तो तीन दिवस उशिरा का यावा? आणि यावर कायमचा उपाय कोणता? सध्या गोदामात मालाच्या नोंदी कागदावर चालू आहेत, त्यामुळे उत्तर लवकर मिळाले तर आभारी राहीन.

उत्तर: एका_ओळीत

जेडीबीसीच्या (जावातून डेटाबेसशी जोडणी करण्याच्या) पत्त्याच्या शेवटी ‘सर्व्हरटाइमझोन=यूटीसी’ जोडा आणि टॉमकॅट रीस्टार्ट करा. आमच्याकडे दोन मिनिटांत काम झाले होते.

उत्तर: तक्तेवाला

वरचा उपाय कृपया थेट उत्पादनावर (प्रत्यक्ष वापरातील प्रणालीवर) लावू नका. त्याने दोष नाहीसा होईल, कनेक्शनही मिळेल, आणि तुमच्या नोंदींतील वेळा चुकू लागतील. ते कसे, हे खाली सांगतो. आधी तीन दिवसांच्या उशिराचे कारण पाहू.

मायएसक्यूएल सर्व्हर सुरू होतो त्या क्षणी तो ऑपरेटिंग सिस्टिमला टाइमझोनचे नाव विचारतो आणि मिळालेले संक्षिप्त नाव ‘सिस्टिम_टाइम_झोन’ या चलामध्ये ठेवतो. पुढे सर्व्हर बंद होईपर्यंत ते नाव बदलत नाही. तुमचा सर्व्हर रविवारपूर्वी, म्हणजे हिवाळी वेळेत सुरू झालेला होता, म्हणून त्याच्याकडे ‘सीईटी’ (मध्य युरोपची हिवाळी वेळ) हे नाव होते. रविवारी घड्याळ पुढे गेले, ‘नाउ’ हे फंक्शन वेळही बरोबर देऊ लागले, परंतु नाव ‘सीईटी’च राहिले. मंगळवारी रात्री रीस्टार्ट झाल्यावर पहिल्यांदाच ‘सीईएसटी’ हे नाव घेतले गेले. पॅचचा दोष एवढाच की त्यांच्यासाठी रीस्टार्ट करावे लागले. ते काढून टाकून काहीही साधणार नाही, कारण त्यासाठीही रीस्टार्टच करावे लागेल आणि नाव पुन्हा ‘सीईएसटी’च येईल.

आता ‘सीईटी’ चालते आणि ‘सीईएसटी’ का चालत नाही? जावाच्या टाइमझोनच्या यादीत ‘सीईटी’ हे नाव आहे, ‘सीईएसटी’ नाही. गंमत अशी की जावाला अनोळखी नाव दिले तर ती तक्रार न करता मुकाट्याने जीएमटी गृहीत धरते. तुमच्या आवृत्तीचा ड्रायव्हर तेवढा बेफिकीर नाही. तो प्रत्येक नवे कनेक्शन उघडताना सर्व्हरचा टाइमझोन विचारतो, नाव यादीत सापडले नाही तर कनेक्शनच नाकारतो. कमांड लाइनचा क्लायंट हा हिशेब करतच नाही, म्हणून तो आत जातो. डीबीव्हर मात्र हाच जावा ड्रायव्हर वापरते. डॉकरमधील अधिकृत मायएसक्यूएल यूटीसीवर चालते आणि ‘यूटीसी’ हे नाव ओळखीचे आहे, त्यामुळे तुम्हाला पुण्यात दोष दिसला नाही. कंटेनर सुरू करताना ‘टीझेड’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ‘युरोप/बर्लिन’ द्या, म्हणजे आज, उन्हाळी वेळेत, तोच दोष तुमच्या टेबलावर येईल.

एक विषयांतर, पण उपयोगाचे. नाव ओळखले गेले म्हणजे ते बरोबर ओळखले गेले असे नाही. ‘आयएसटी’ हे भारताचे, आयर्लंडचे आणि इस्राएलचेही संक्षिप्त नाव आहे. जावा त्याचा अर्थ भारत असा घेते, हे आपले नशीब. चीनमधील सर्व्हर ‘सीएसटी’ असे नाव कळवतात आणि जावा त्याचा अर्थ अमेरिकेतील मध्य विभागाची वेळ असा घेते, त्यामुळे तिथल्या नोंदी हिवाळ्यात १४ तासांनी आणि अमेरिकेत उन्हाळी वेळ असताना १३ तासांनी सरकल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. त्यांना दोष दिसत नाही, नुसत्या वेळा चुकतात. तुमच्या ड्रायव्हरने अंदाज बांधायला नकार दिला, याचे मला तरी बरेच वाटते.

तातडीचा उपाय एकच: ‘सर्व्हरटाइमझोन=युरोप/बर्लिन’. संक्षिप्त नाव नको, ‘+०२:००’ असा ठरावीक फरकही नको, कारण तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी चुकीचा ठरेल. खंड आणि शहर असे पूर्ण नाव दिले की उन्हाळा-हिवाळ्याचे नियम त्यातच आले.

यूटीसी दिल्यास काय होते ते एका नोंदीवर पाहा. समजा जर्मनीत सकाळचे सव्वादहा वाजले आहेत. सर्व्हर बर्लिनच्या वेळेवर आहे, पण ड्रायव्हरला आपण सांगितले आहे की तो यूटीसीवर आहे. ड्रायव्हर वेळ यूटीसीत बदलून ‘०८:१५’ असा मजकूर पाठवतो आणि तो तसाच साठवला जातो. वाचताना तोच ड्रायव्हर उलटा हिशेब करून १०:१५ दाखवतो, म्हणून सारे ठीक वाटते. पण त्याच ओळीत ‘निर्मिती’ हा स्तंभ असेल आणि त्याचे मूल्य डेटाबेस स्वतः भरत असेल, तर तिथे १०:१५ साठवले जाते आणि वाचताना ते १२:१५ दिसते. म्हणजे निर्माण होण्याच्या दोन तास आधीच नोंदीत बदल झालेला असतो. उपाय लावण्यापूर्वीच्या सगळ्या जुन्या नोंदीही पडद्यावर पुढे गेलेल्या दिसतात, उन्हाळ्यातील दोन तास आणि हिवाळ्यातील एक तास, कारण त्या बर्लिनच्या वेळेत लिहिलेल्या आहेत आणि आता यूटीसी समजून वाचल्या जात आहेत. दोन पद्धतींनी लिहिलेल्या नोंदी एकाच तक्त्यात मिसळल्या की कोणती ओळ कोणत्या पद्धतीची, हे नंतर सांगणे फार अवघड जाते.

उत्तर: रात्रीचा_फोन

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे, आणि यूटीसीच्या उपायाची किंमत मी स्वतः मोजलेली असल्यामुळे तो अनुभव इथे नोंदवतो.

आमच्या गटाने २०२३ च्या उन्हाळ्यात याच दोषावर हाच एका ओळीचा उपाय लावला होता. आमच्या ॲप्लिकेशनमध्ये सर्व वेळा ॲप्लिकेशनच लिहीत असे आणि तेच वाचत असे, डेटाबेस स्वतः काहीच भरत नसे, आणि जुन्या नोंदी सहसा कोणी पाहत नसे. त्यामुळे अनेक महिने कोणालाही पत्ता लागला नाही. ३१ मार्च २०२४ रोजी, रविवारी सकाळी साडेसात वाजता, मला घरी फोन आला की नोंदी साठवल्या जात नाहीत. दोष क्रमांक १२९२, तारीख-वेळेचे मूल्य अयोग्य. मी लॉगमधील मूल्य उतरवून घेतले: ‘२०२४-०३-३१ ०२:०४:४७’. दिसायला अगदी सरळ तारीख. सर्व्हरचे घड्याळ तपासले, डिस्क तपासली, स्तंभाचा प्रकार तपासला. साडेआठ वाजता दोष आपोआप थांबला आणि आम्ही, खोटे कशाला सांगू, नेटवर्कवर खापर फोडून मोकळे झालो.

सोमवारी शांतपणे पाहिल्यावर उलगडा झाला. जर्मनीत त्या रात्री दोन वाजता घड्याळ थेट तीनवर गेले, म्हणजे बर्लिनच्या वेळेत ०२:०० ते ०३:०० हा तास त्या दिवशी अस्तित्वातच नव्हता. आमचा ड्रायव्हर मात्र यूटीसी पाठवत होता. जर्मनीत चार वाजले, आपल्याकडे साडेसात, तेव्हा यूटीसीत दोन वाजले होते. म्हणून त्या पूर्ण तासात ड्रायव्हर ‘०२:…’ असाच मजकूर पाठवत राहिला आणि सर्व्हर तो बर्लिनची वेळ समजून ‘अशी वेळच नाही’ म्हणून परत करत राहिला. स्तंभ ‘टाइमस्टॅम्प’ प्रकारचा होता आणि स्ट्रिक्ट मोड (चुकीचे मूल्य नाकारण्याचे सेटिंग) चालू होता, म्हणून निदान दोष तरी आला. स्ट्रिक्ट मोड बंद असता तर सर्व्हरने फक्त इशारा देऊन वेळ ०३:०० अशी करून ठेवली असती. ‘डेटटाइम’ प्रकारचा स्तंभ असता तर तेवढेही झाले नसते, कारण तो प्रकार टाइमझोनचा विचारच करत नाही; जो मजकूर येईल तो जसाच्या तसा ठेवतो.

याला आणखी एक बाजू आहे आणि ती ‘युरोप/बर्लिन’ असे योग्य नाव देऊनही सुटत नाही. ऑक्टोबरमध्ये ०२:०० ते ०३:०० हा तास दोनदा येतो. ड्रायव्हर सर्व्हरला ‘०२:३०’ एवढेच सांगतो. पहिल्या फेरीचे की दुसऱ्या, हे त्या मजकुरात नसते. गोदामात त्या वेळी रात्रपाळी चालू असेल तर तासाभराच्या नोंदींचा क्रम बिघडू शकतो. यावरचा पक्का मार्ग म्हणजे केवळ ड्रायव्हरची समजूत न बदलता सर्व्हरच्या सत्राचा (म्हणजे एका कनेक्शनपुरता) टाइमझोनही खरोखरच यूटीसी करणे. कनेक्टर/जे ८.०.२३ पासून ‘कनेक्शनटाइमझोन’ हे सेटिंग आले (जुने ‘सर्व्हरटाइमझोन’ हे त्याचेच दुसरे नाव म्हणून राहिले), आणि त्याच्या जोडीला ‘फोर्सकनेक्शनटाइमझोनटूसेशन=ट्रू’ दिले की ड्रायव्हर कनेक्शन उघडताच सत्राचा टाइमझोन तसाच लावतो. मग दोघांची समजूत एकच राहते आणि गाळलेला किंवा दुहेरी तास उद्भवत नाही.

मात्र नुसता नवा ड्रायव्हर टाकून थांबू नका. नव्या आवृत्तीत ‘कनेक्शनटाइमझोन’चे मूळ मूल्य ‘लोकल’ असते, म्हणजे ड्रायव्हर सर्व्हरला काही न विचारता जावाचा स्वतःचा टाइमझोन गृहीत धरतो. तुमचा जर्मनीतील टॉमकॅट त्यामुळे बिनतक्रार चालेल. पण उद्या कोणी पुण्यातील लॅपटॉपवरून, भारतीय वेळेवर चालणाऱ्या जावामधून, त्याच डेटाबेसला एखादा छोटा प्रोग्रॅम जोडला, तर त्याच्या वेळा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांनी चुकतील आणि दोष म्हणून काही दिसणार नाही.

प्रतिसाद: दुपारपाळी_हिंजवडी

तिघांचेही मनःपूर्वक आभार. ‘सर्व्हरटाइमझोन=युरोप/बर्लिन’ लावून ॲप्लिकेशन सुरू झाले आहे. तरी मध्ये अर्धा तास गेलाच, कारण आमचा जेडीबीसीचा पत्ता टॉमकॅटच्या एक्सएमएल फाइलमध्ये आहे आणि मी त्यात दोन सेटिंगच्या मधे साधे ‘&’ टाकले. एक्सएमएलमध्ये ते चिन्ह तसे चालत नाही, त्याचे पूर्ण सांकेतिक रूप लिहावे लागते. त्यामुळे टॉमकॅटने फाइल वाचायलाच नकार दिला आणि क्षणभर वाटले की आपण आणखी काहीतरी मोडले.

एक कबुलीही द्यायची आहे. ‘तक्तेवाला’ यांचे उत्तर येण्यापूर्वी मी पहिला उपाय चाचणीच्या प्रणालीवर लावून पाहिला होता. तिथे एका पेटीची नोंद उघडली: ‘आवक’ १३:४०, ‘जागेवर ठेवली’ ११:४२. आवकेची वेळ डेटाबेस भरतो, दुसरी ॲप्लिकेशन भरते. पेटी गोदामात येण्याआधी दोन तास फडताळावर होती. स्पष्टीकरण वाचले नसते तर हे चाचणीतील जुन्या माहितीचे विचित्रपण समजून मी सोडून दिले असते.

यंत्रणा विभागाला मी ‘सिस्टिम_टाइम_झोन’ची दोन्ही मूल्ये, म्हणजे मार्चमधील एका जुन्या अहवालातील ‘सीईटी’ आणि आजचे ‘सीईएसटी’, शेजारी शेजारी ठेवून पाठवली. आता ते सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये ‘डिफॉल्ट_टाइम_झोन’ला ‘युरोप/बर्लिन’ असे मूल्य द्यायला तयार आहेत. डॉकरमध्ये मी हे करून पाहिले आणि ते व्यवस्थित चालले. उत्पादनावर करायला हरकत नाही ना?

उत्तर: तक्तेवाला

हरकत आहे, एक तपासणी केल्याशिवाय करू नका. मायएसक्यूएलला शहरांची नावे जन्मतः माहीत नसतात. त्यांचे नियम ‘मायएसक्यूएल’ याच नावाच्या अंतर्गत डेटाबेसमधील टाइमझोनच्या तक्त्यांत भरावे लागतात आणि साध्या लिनक्स सर्व्हरवर हे तक्ते पुष्कळदा रिकामे असतात. डॉकरची अधिकृत इमेज पहिल्यांदा सुरू होताना ते आपोआप भरते, म्हणून तुमच्याकडे चालले. उत्पादनावर तक्ते रिकामे असतील आणि कॉन्फिगरेशनमध्ये शहराचे नाव असेल, तर पुढच्या रीस्टार्टला सर्व्हर ‘अनोळखी टाइमझोन’ म्हणून सुरूच होणार नाही. आत्ता फक्त ॲप्लिकेशन बंद होते, तेव्हा डेटाबेसच बंद असेल.

तपासणी सोपी आहे. ‘कन्व्हर्ट_टीझेड’ या फंक्शनला ‘२०२५-०७-०१ १२:००:००’ ही वेळ ‘यूटीसी’मधून ‘युरोप/बर्लिन’मध्ये बदलायला सांगा. उत्तर १४:०० आले तर तक्ते भरलेले आहेत. ‘नल’ (म्हणजे मूल्यच नाही) आले तर रिकामे आहेत. रिकामे असल्यास ‘मायएसक्यूएल_टीझेडइन्फो_टू_एसक्यूएल’ ही आज्ञा लिनक्सवरील ‘/यूएसआर/शेअर/झोनइन्फो’ या फोल्डरवर चालवून तिचे आउटपुट रूट वापरकर्त्याने त्या अंतर्गत डेटाबेसमध्ये भरा. त्यानंतर आधी ‘सेट ग्लोबल टाइम_झोन’ने चालू सर्व्हरवर नाव लावून पाहा, यासाठी रीस्टार्ट लागत नाही आणि नवी सत्रे लगेच ते उचलतात. ते स्वीकारले गेले, तरच कॉन्फिगरेशन फाइलला हात लावा.

हे तक्ते एकदा भरले की स्वतःहून ताजे होत नाहीत, हेही यंत्रणा विभागाला लेखी कळवून ठेवा. ऑपरेटिंग सिस्टिमचा टाइमझोनचा संच पॅचबरोबर नवा येतो, जावाचा वेगळा येतो आणि मायएसक्यूएलचे तक्ते जुनेच राहतात. युरोपीय संसदेने मार्च २०१९ मध्ये घड्याळे बदलण्याची पद्धत बंद करण्याच्या बाजूने मतदान केले; सदस्य देशांची सहमती न झाल्याने ती अजून चालूच आहे. ज्या वर्षी ती खरोखर बंद होईल, त्या वर्षी हे तिन्ही संच एकमेकांशी जुळतात का, हे कोणीतरी पाहावे लागेल.

प्रतिसाद: दुपारपाळी_हिंजवडी

उत्पादनावर तपासणी केली आणि उत्तर ‘नल’ आले. तक्ते भरण्याचे काम शनिवारच्या देखभालीच्या वेळेत ठेवले आहे. तोपर्यंत सर्व्हरची कॉन्फिगरेशन फाइल जशी आहे तशीच राहील आणि ड्रायव्हरमधील ‘युरोप/बर्लिन’वर काम चालेल. सत्र यूटीसीवर नेण्याचा बदल आम्ही वेगळा घेत आहोत, कारण आमच्या अकरा तक्त्यांत ‘डेटटाइम’ स्तंभ आहेत आणि त्यांतील जुन्या नोंदी बर्लिनच्या वेळेत लिहिलेल्या आहेत. त्या बदलल्याशिवाय सत्राला हात लावता येणार नाही. हा बदल २६ ऑक्टोबरपूर्वी पूर्ण करायचा असे ठरले आहे.